भाडे कोणाच्या हातात द्यायचे?

यंदा गौरीच्या जेवणाला माझी भाची इंग्लंडहून आली होती. धाकट्या भावाची ही मुलगी तिकडच्या एका तुरुंगातील दवाखान्यात परिचारिका आहे, पण नातेवाइकांत आम्ही ही गोष्ट फारशी फोड करून सांगत नाही. ‘हॉस्पिटलात असते’ एवढे म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो. त्या दिवशी मात्र पंगत ताकभातापर्यंत आली असताना तिनेच बोलता बोलता सांगितले की तिकडे कोठडीत छोटा टीव्ही असतो आणि त्याचे आठवड्याला एक पौंड भाडे कैद्याच्या खात्यातून कापून घेतात; कोठडीत दोघे असले तर प्रत्येकी अर्धा पौंड. माझ्या थोरल्या दिरांनी हातातली वाटी खाली ठेवली. “म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांत राहणे, जेवण, दवाखाना आणि वर टीव्ही! या वयात एखादी चोरी करून तिकडेच जावे म्हणतो,” असे ते म्हणाले आणि सगळी पंगत हसली. मीही हसले. ताकाचे भांडे घेऊन मंगलबाई तेव्हा माझ्या मागेच उभ्या होत्या, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

मंगलबाई अकरा वर्षांपासून आमच्याकडे कामाला आहेत. त्यांचे खरे नाव दुसरे आहे. कळव्याहून त्या सकाळी पूल ओलांडून येतात, ठाण्यातल्या चरईत आमच्यासह चार घरची कामे करतात आणि दुपारी तीनच्या सुमारास परत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाचे पातेले घासत असताना, माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारले, “ताई, तिकडे ते टीव्हीचं भाडं घरच्यांना भरता येतं का? का त्याच्याच पैशातनं कापतात?” त्याच्याच पैशातून, असे मी सांगितले. त्यांनी पातेले विसळून पालथे घातले, हात पुसले आणि मग म्हणाल्या, “आणि आपल्याकडे भरायचं म्हटलं, तर कुणाच्या हातात द्यायचं?”

मला उत्तर देता आले नाही.

त्यांचा धाकटा मुलगा चौदा महिन्यांपासून आत आहे. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह, खाडीपलीकडे खारघरजवळचे तळोजा, तिकडे कल्याणचे आधारवाडी, यांपैकी तो कोठे आहे हे मी लिहिणार नाही, कारण लिहू नका असे मंगलबाईंनीच सांगितले आहे. गुन्हा मारामारीचा आहे. दहीहंडीच्या वर्गणीवरून दोन टोळक्यांत भांडण झाले, बांबू निघाले आणि समोरच्या एका मुलाचा डावा डोळा गेला. बांबू कोणाच्या हातात होता हा पुराव्याचा प्रश्न आहे आणि खटला अजून उभा राहिलेला नाही. तोपर्यंत हा कच्चा कैदी, म्हणजे कायद्याच्या भाषेत ज्याचा दोष सिद्ध झालेला नाही असा माणूस. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती, जागा ४ लाख ३६ हजारांच्या आसपास होती, आणि आत असलेल्या दर चारांपैकी तीन जण असे कच्चे होते. मंगलबाईंना हे आकडे माहीत असण्याचे कारण नाही. त्यांना तारीख माहीत असते. पुढली तारीख कधी, साहेब रजेवर आहेत का, आरोपीला न्यायला गार्ड मिळाला का, एवढ्यावर त्यांचा महिना चालतो.

मला या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते, ही गोष्ट जरा लाजिरवाणी आहे, कारण माझी नोकरीची सगळी वर्षे न्यायालयात लघुलेखक म्हणून गेली. न्यायालयीन कोठडी चौदा दिवस, हे शब्द मी किती हजार वेळा टंकलिखित केले असतील, याची गणती नाही. प्रथम शाई उडालेल्या फितीच्या यंत्रावर आणि नंतर संगणकावर, जेथे पहिली दोन अक्षरे दाबली की उरलेले वाक्य आपोआप पुढे येत असे. संध्याकाळी कोर्टनाक्यावरून घरी जाताना मी रोज ठाण्याच्या त्या तुरुंगाच्या भिंतीला लागून चालले आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला, हे शाळेत पाठ केलेले. अनंत कान्हेरे यांना १९१० मध्ये तेथे फाशी दिले, हेही प्रत्येक ठाणेकराला ठाऊक असते. परंतु मी ज्यांची कोठडी दुपारी टंकलिखित केली, ती माणसे संध्याकाळी सात वाजता त्या भिंतीच्या आत काय करीत असतील, हा विचार मला त्या भिंतीशेजारून चालताना कधी शिवला नाही. मी भाजीचा विचार करीत असे. क्वचित पावसाळ्यात, भरतीच्या वेळी खाडीचा खारट कुबट वास रस्त्यापर्यंत येई, तेव्हा पाऊल उचलून चालत असे.

दिरांची थट्टा मला परकी वाटली नाही, हेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी तलावपाळीला मासुंद्याच्या कठड्याशी उभी असताना दोन मुलांनी मोटारसायकलवरून येऊन माझ्या गळ्यातले ओढले. मंगळसूत्र तुटले, मानेवर वळ उठला, आणि पुढे कित्येक दिवस मागून गाडीचा आवाज आला की माझा हात आपोआप गळ्याशी जाई. त्या मुलांपैकी एक सापडला, तेव्हा त्याला अंधारात ठेवावे, पंखासुद्धा देऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटले होते. त्याला कोणी टीव्ही दिला आहे असे तेव्हा कळते, तर मी चिडून कोणाला तरी पत्र लिहिले असते आणि ते शुद्ध भाषेत, मुद्देसूद लिहिले असते. आज ते पत्र लिहावेसे वाटत नाही याचे कारण मी मोठ्या मनाची झाले असे नाही. वळ बुजला, एवढेच असेल.

भाऊजींचा प्रश्न मात्र हसण्यावारी गेला तरी उरतोच, की मग शिक्षा म्हणजे काय? भाची त्या रात्री माझ्या खोलीत झोपायला आली. बाहेर आरत्या संपून झांजा थंडावल्या होत्या, समईच्या तेलाचा वास घरभर होता, आणि ती छताकडे पाहत बोलत राहिली. तिचे म्हणणे असे की तिकडेही हा वाद मिटलेला नाही. वर्तमानपत्रांत अधूनमधून आलिशान तुरुंगांच्या बातम्या येतात आणि लोक भाऊजींसारखेच बोलतात. तिकडे १९९५ मध्ये सवलती वागणुकीने कमवायच्या अशी पद्धत आली आणि १९९८ मध्ये, जॅक स्ट्रॉ गृहमंत्री असताना, कोठड्यांतून टीव्ही देण्याची व्यवस्था वाढवायचे ठरले. सवलतींच्या पायऱ्या आहेत. वागणूक बिघडली की कैद्याला खालच्या पायरीवर उतरवतात आणि दोन माणसे येऊन टीव्ही उचलून नेतात. “आत्या, भिंतीवर फक्त वायर लोंबत राहते,” ती म्हणाली. “तो माणूस दुसऱ्या दिवशी माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येतो. दर वेळेला डोकेदुखीच.”

मग पैशांचा हिशेब तिने सांगितला, आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. तिकडे काम करायला तयार असूनही ज्याला तुरुंगात काम मिळत नाही, त्याला नियमाप्रमाणे आठवड्याला किमान अडीच पौंड मिळतात. काम असेल तर किमान चार. घरून पैसे येत नसतील आणि कोठडीत एकटाच असेल, तर अडीचमधला एक पौंड टीव्हीला जातो. म्हणजे दहा रुपयांतले चार. उरलेल्यात साबण, चहा, घरी फोन. मी न्यायालयात असले तरी हिशेबाच्या बाबतीत मास्तरणीसारखी आहे. मी अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या निवृत्तिवेतनाचे चाळीस टक्के काढून पाहिले आणि त्या पैशांत मी कोणताही टीव्ही पाहिला नसता, अशा निष्कर्षावर आले. नंतर लक्षात आले की मला गॅलरी आहे, रस्ता आहे, समोरच्या बिल्डिंगमध्ये भांडणारे जोडपे आहे, शेजारच्या वहिनी आहेत, आणि कंटाळा आला तर राम मारुती रोडवर एक चक्कर आहे. या सगळ्याचे भाडे कोणी माझ्या खात्यातून कापत नाही. दिवसातले कितीतरी तास दार बाहेरून बंद असलेल्या खोलीत तो एक पौंड कशाच्या वाट्याला जातो, हे माझ्या पेन्शनच्या टक्केवारीत सापडण्यासारखे नव्हते.

झोपण्यापूर्वी ती आणखी एक सांगून गेली. संध्याकाळी फुटबॉलचा सामना असला की तिला टीव्ही पाहावा लागत नाही. औषधांची ढकलगाडी घेऊन लांब बोळातून जाताना एका दारामागचे वाक्य पुढच्या दारामागे पुरे होते, आणि गोल झाला की सगळा मजला आतून लोखंडी दारांवर लाथा मारतो. गाडीवरच्या काचेच्या बाटल्या किणकिणतात. एक दार मात्र गप्प असते. ज्याचा टीव्ही नेलेला असतो, त्याचे.

भाडे भरून टीव्ही पाहण्याची कल्पना आम्हाला एवढी विनोदी का वाटावी, हे मला उमगत नाही, कारण माझ्या पिढीने टीव्ही पैसे देऊनच पाहिलेला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि आमच्या नौपाड्यातल्या चाळीत पहिला संच आला त्याला पुढे तीन-चार वर्षे लागली. रेल्वेतल्या काकांनी तो घेतला. लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा, चार बारीक पायांवर उभा असलेला तो संच नव्या नवरीसारखा हॉलच्या कोपऱ्यात होता आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल होता. कौलांवर अँटेना वरळीच्या दिशेने तोंड करून बसवली होती, तिच्यावर कावळा बसला की चित्राला मुंग्या येत आणि काकांचा मुलगा गच्चीवजा पत्र्यावर चढून “आलं का?” असे ओरडे. तेव्हा टीव्हीचा परवाना असे आणि त्याचे पैसे दर वर्षी पोस्टात भरावे लागत. ऐंशीच्या दशकात तो बंद झाला. परवान्याचा आणि विजेचा खर्च निघावा म्हणून काकूंनी रविवारच्या सिनेमाला मुलांकडून दहा पैसे घ्यायला सुरुवात केली. पावडरीचा रिकामा डबा दाराशी ठेवलेला असे. पैसे टाकणारी मुले सतरंजीवर, पुढे. न टाकणारी खिडकीच्या गजांना धरून बाहेर.

आमच्या आईचे आणि काकूंचे मेतकूट होते, त्यामुळे आम्हा भावंडांना डब्याची अट नव्हती. तरीही आई आम्हा तिघांच्या हातावर मोजून तीस पैसे ठेवी. वडिलांचा पगार बेताचा होता, तीस पैशांत कोथिंबिरीची जुडी येत असे, आणि मी एकदा तसे तिला बोलूनही दाखवले. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “फुकट बसलात तर ऊठ म्हटल्यावर उठायला लागतं.” त्या वेळी मला ते अर्धवटच कळले. पुढे एका रविवारी काकूंकडे पाहुणे आले, जागा कमी पडली, आणि खरोखरच काकूंनी फुकट बसलेल्या मुलांना एकेक करून उठवले. आमच्याकडे आल्या, क्षणभर थांबल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. त्याच दिवशी मध्यंतरानंतर वीज गेली. आम्ही अर्धे पैसे परत मागितले. काकूंनी दिले नाहीत, पण प्रत्येकाला एकेक शंकरपाळा दिला, आणि नायिकेचे पुढे काय झाले हे मला अजूनही माहीत नाही.

तुरुंगातल्या टीव्हीविषयी मंगलबाईंना जे ठाऊक आहे ते मुलाखतीच्या काचेपलीकडून आलेले आहे. वीसएक मिनिटे, फोनच्या रिसीव्हरवरून, दोन्ही बाजूंना ओरडणारी माणसे. टीव्ही बराकीत आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत, असे मुलगा सांगतो. भिंतीवर उंच बसवलेला एक संच आणि खाली दाटीवाटीने अंथरलेल्या चादरी. समोरची जागा जुन्यांची. त्यांच्यातही कोण कोणाचा, यावर काय लावायचे ते ठरते. हा नवा, त्यातून घरून फार पैसे न येणारा, म्हणून त्याची चादर पार दुसऱ्या टोकाला, संडासाच्या भिंतीशी. तेथून पडदा दिसत नाही. मध्ये खांब येतो. आवाज पोहोचत नाही, कारण शंभरावर माणसे बोलत असतात, खोकत असतात, नळ चालू असतो. त्याला दिसते ते छत. बंदी झाली, दिवे मंद झाले की टीव्हीचा उजेड छतावर हलत राहतो आणि तो पाठीवर पडून छत पाहतो. आता त्याला ओळखू येऊ लागले आहे, असे त्याने आईला सांगितले. क्रिकेट असले की छत हिरवट होते आणि बराच वेळ तसेच राहते. जाहिरात लागली की झपझप बदलते. बातम्यांना निळे.

हे सांगताना मंगलबाई रडल्या नाहीत, उलट मुलाच्या हुशारीचे कौतुक असावे तसा त्यांचा सूर होता. “लहानपणापासून असाच आहे तो, कायतरी शोधून काढतो.” मग त्यांनी भाड्याचे पुन्हा काढले. त्यांचे म्हणणे त्यांनी माझ्यापुढे नीट मांडले, आणि मी ते येथे माझ्या भाषेत मांडते आहे. फुकटचा टीव्ही आहे म्हणून तो जो दांडगा त्याचा आहे. मुलाच्या नावाने महिन्याला शे-दोनशे रुपये भरले, पावती घेतली, तर त्याला खांबाच्या अलीकडे चादर टाकता येईल, निदान कोणाला तरी ती पावती दाखवता येईल. कॅन्टीनसाठी त्या मनीऑर्डर करतातच, तशीच ही एक. मी त्यांना सांगू लागले की असे नसते, एका बराकीत शंभर पावत्या झाल्या तरी खांब तेथेच राहील आणि पुढची जागा पुन्हा पैसेवाल्याला जाईल, आणि घरून पैसे न येणारा मुलगा खांबामागेही उरणार नाही. इंग्लंडमधला तो एक पौंड एका कोठडीतल्या एका संचाचा आहे, हेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. “ते बरोबर आहे तुमचं,” असे म्हणून त्या केर काढायला गेल्या, आणि मला माझेच बोलणे वकिली वाटले. कारण माझ्या आईचे तीस पैसे मी त्यांना सांगितले नव्हते.

अमेरिकेतल्या काही तुरुंगांत टीव्ही विकतच घ्यावा लागतो आणि आत काही लपवता येऊ नये म्हणून तो पारदर्शक प्लास्टिकचा असतो, असे मी त्या आठवड्यात वाचले. आतल्या तारा, सर्किटे, सगळे उघडे. वेस्ट व्हर्जिनियात २०१९ मध्ये कैद्यांना हातात धरायच्या टॅब्लेटवर वाचण्यासाठी मिनिटाला ३ ते ५ सेंट लावल्याची बातमीही वाचनात आली. हळू वाचणाऱ्याला पुस्तक महाग पडणार, अशी ती योजना. मंगलबाईंचा मुलगा नववीपर्यंत शिकलेला आहे आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचतो.

न्यायालयात असताना एक निकाल मी वकिलांच्या तोंडून अनेकदा ऐकला होता आणि तो या दिवसांत सारखा आठवत राहिला. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना अटकेत होते. आत बसून त्यांनी अणूविषयी मराठीत एक पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या, अशी मागणी केली. सरकारने नकार दिला. सरकारचे म्हणणे असे की स्थानबद्धाला काय काय करता येईल याच्या सवलती नियमांत लिहिलेल्या आहेत, पुस्तक बाहेर पाठवणे त्यांत नाही, सबब त्याला तसा हक्क नाही. उच्च न्यायालयात सरकार हरले, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे अपील फेटाळले. नियमांत लिहिली आहेत ती बंधने आहेत, सवलतींची यादी नव्हे. जे बंधन लिहिलेले नाही ते तुरुंगाच्या दारात आपोआप जन्माला येत नाही, असा त्या निकालाचा आशय. स्थानबद्ध आणि कैदी यांत कायद्याने फरक आहे, आणि पुस्तकाची तुलना टीव्हीशी केली तर आमचे जुने न्यायाधीश चष्म्यावरून पाहतील, हे मला कळते. पण सवलत हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. इंग्लंडमध्ये टीव्ही ही सवलत आहे म्हणून ती काढून घेता येते. आपल्या बराकीत ती सवलतही नाही आणि हक्कही नाही, नुसता भिंतीवरचा एक संच आहे, ज्याच्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा, कोणाला पैसे द्यायचे आणि कोणाकडे तक्रार न्यायची हे मंगलबाईंच्या मुलाला सापडत नाही. मलाही सापडले नाही.

आणि तो दुसरा मुलगा आहे, ज्याचा डोळा गेला. त्याच्याविषयी मंगलबाई बोलत नाहीत. मी एकदाच विचारले तेव्हा “त्यांच्या घरच्यांनी बोलणं टाकलंय” एवढेच म्हणाल्या. तो कळव्यातच, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याच्या घरीही संध्याकाळी टीव्ही लागत असणार. डाव्या बाजूला कोणी येऊन बसले तर त्याला मान वळवावी लागत असणार. मी जेव्हा जेव्हा खांबामागच्या चादरीचा विचार करते, तेव्हा तो मुलगा मध्ये येऊन बसतो, आणि मला त्याला ऊठ म्हणता येत नाही.

गणपती उठले, भाची परत गेली आणि सप्टेंबरच्या अखेरीस मंगलबाईंच्या घरच्या डिशचा रिचार्ज संपला. वकिलाला काही द्यायचे होते आणि मनीऑर्डरही त्याच आठवड्यात होती. एक दिवस दुपारी निघण्याऐवजी त्या थांबल्या आणि म्हणाल्या की संध्याकाळी सातच्या सह्याद्रीच्या बातम्या इथे बघून गेले तर चालेल का? त्यांना बातम्यांचे वेड नाही. मुलाने सांगितले होते की रोज सातला बराकीत हे हटकून लागते, बाकीचे बदलते. मी म्हटले, बाई, विचारता काय, बसा. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. जमिनीवर, दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. धरणांतला पाणीसाठा, मंत्रिमंडळाचे निर्णय, कोठेतरी उलटलेली बस, हे सगळे त्यांनी अगदी लक्ष देऊन पाहिले. साडेसातला उठल्या, पदर सारखा केला आणि कळव्याची बस पकडायला गेल्या. असे आठ-दहा दिवस चालले.

मग मला चांगुलपणा सुचला. मी त्यांच्या नंबरवर रिचार्ज करून टाकते म्हणाले. त्यांनी हात आडवा केला. “नको ताई. करायचाच तर पगारातनं कापा.” मी म्हटले, दोन-अडीचशे रुपयांचा काय हिशेब ठेवायचा? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्यांना थांबल्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी रिचार्ज केला आणि एक तारखेला पाकिटात तेवढे पैसे कमी घातले. त्यांनी माझ्यासमोर पाकीट उघडले, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या, कमी असल्याची खात्री करून घेतली आणि पाकीट कमरेला खोचले.

त्या रात्री घरात मी एकटीच होते. सातच्या बातम्या लावल्या, हॉलमधले दिवे मालवले, आणि पुढच्या खुर्चीवरून उठून मागे, फ्रिजच्या आडोशाला, जमिनीवर चटई टाकून आडवी झाले. आवाज बंद केला होता. आमचे छत गेल्याच वर्षी रंगवलेले, पांढरे. पंख्याची पाती थांबलेली होती आणि त्यांच्या सावल्या कधी एक, कधी तीन होत होत्या. बराच वेळ निळे दिसले, मग जरा पिवळे, मग पुन्हा निळे. एकदा सगळे भराभर बदलले, तेव्हा जाहिरात लागली असे समजून मी डोके उचलून पाहिले. पडद्यावर पूर होता. माणसे कमरेएवढ्या पाण्यातून गॅसचे सिलिंडर डोक्यावर घेऊन चालली होती.